साहेबांना ओवाळायचं कुणी?

कागद कसा चालवायचा, हे मला विचारा! बावीस वर्षं मी फौजेत हवालदार क्लार्क होतो. बाकीचे बंदूक चालवत होते, मी कागद चालवत होतो. आणि फुशारकी म्हणा हवं तर, पण बंदुकीचा नेम एखाद वेळी चुकायचा, माझा अर्ज कधी चुकला नाही! रजेचा अर्ज, बदलीचा अर्ज, मेसमधल्या पाणचट डाळीबद्दलचा तक्रारअर्ज, सगळे मंजूर होऊन यायचे. डाळ तशीच राहिली, पण तो दोष डाळीचा.

निवृत्त होऊन गावी आलो, तर हा लौकिक माझ्या आधीच घरी पोचलेला! आमचं गाव आटपाडीच्या पुढं बारा किलोमीटर. रोज सकाळी ओट्यावर कुणीतरी कागद घेऊन बसलेलं असतंच. "नानासो, एवढं लिवून द्या." मी चष्मा लावतो, घसा खाकरतो आणि लिहितो. पैसे घेत नाही. कौतुक घेतो. त्याची मला सवय लागली आहे, हे आधीच कबूल करून टाकतो, कारण पुढं जे झालं ते त्या सवयीपायी झालं.

मनुबाई आली ती जानेवारीत. मनुबाई म्हणजे आमच्या बिराप्पाची बायको. बिराप्पा आणि मी एका बाकावर बसलो, एकाच मास्तरांचा मार खाल्ला. मी फौजेत गेलो, तो मेंढरांमागं गेला. चार वर्षांपूर्वी तो वारला. मूलबाळ नाही. मनुबाईला निराधार योजनेचा पगार मिळतो. गावात त्याला सगळे पगारच म्हणतात. नोकरी नाही, रजा नाही, नुसता पगार, आणि तोही ज्या महिन्यात येईल त्या महिन्यात!

तिला घरकुल मंजूर झालं होतं. नव्या घरासाठी जुनं मातीचं घर तिनं पाडलं. भिंती खिडकीच्या वरपर्यंत आल्या आणि हप्ता थांबला. दोन वर्षं झाली. चार भिंती, आत चूल, पत्र्याची पेटी, आणि वर निळी ताडपत्री. आमच्या भागातलं ऊन तुम्हाला ठाऊक आहे. दुपारी त्या ताडपत्रीखाली बसणं म्हणजे कुकरात बसणं! आणि वारा सुटला की ताडपत्री उडायची, मग साठीची मनुबाई तिच्यामागं रानोमाळ, चुकलेल्या मेंढरामागं धावावं तशी.

"भावजी," ती म्हणाली, "पंचायतीत गेलं की म्हणत्यात तालुक्याला जावा. तालुक्याला गेलं की म्हणत्यात जिल्ह्याला इचारा. जिल्ह्यात म्हणत्यात, वरनंच निधी न्हाई. वर म्हंजी कुठं वं?"

"वर म्हणजे मुंबईला, वहिनी. दर मार्चमध्ये सरकार वर्षाचा खर्च ठरवतं. घरकुलांना एवढे, निराधारांना एवढे. तिथंच कमी धरले की इथं स्लॅब पडत नाही."

तिनं थोडा विचार केला. "मग त्यांनी ठरवायच्या आधी कुणीतरी जाऊन सांगाय नको?"

अर्थसंकल्पावर इतकं सरळ बोललेलं माणूस मी टीव्हीवरसुद्धा पाहिलेलं नाही! मी तिथंच मांडी थोपटली. "वहिनी, तुम्ही सांगायचं! मी कागद करतो. यंदा तुमच्या घरावर स्लॅब पडला नाही तर नानासो नाव लावणार नाही!"

योगही असा आला की विचारू नका. आमच्या गावात सम्मेद नावाचा एक तरुण आहे. त्याचं झेरॉक्सचं दुकान आहे आणि तोच आमचा वार्ताहर. म्हणजे गावातली बातमीही तोच छापतो आणि तिची झेरॉक्सही तोच काढतो. त्यानं खबर आणली, की अर्थसंकल्पाआधी लोकांच्या सूचना ऐकायला मुंबईहून एक समिती फेब्रुवारीत साताऱ्याच्या सरकारी रेस्ट हाऊसवर येणार. सातारा आणि सांगली, दोन्ही जिल्ह्यांचं ऐकणं एकत्रच. प्रत्येक शिष्टमंडळाला बारा मिनिटं.

बारा मिनिटं! फौजेत मी बारा मिनिटांत अख्ख्या पलटणीची रजा मंजूर करून घेतली असती!

मी निवेदन लिहायला बसलो. अकरा पानं झाली. घरकुलाच्या निधीत वाढ, थांबलेले हप्ते, निराधारांचा पगार दर महिन्याला ठरल्या तारखेला, सगळं मुद्देसूद. शेवटच्या पानावर शिष्टमंडळाची यादी. गावातल्या सात निराधार बायका, क्रमांक एक मनुबाई. एक प्रत समितीला, एक मला, एक सम्मेदला छापण्यासाठी. प्रतींच्या बाबतीत मी कधी कसूर केलेली नाही.

आता शिष्टमंडळ म्हटलं की भारदस्त माणूस हवा. म्हणून मी लालासाहेबाला घेतलं. लालासाहेब माझा फौजेतला दोस्त, निवृत्त सुभेदार. मिशा अशा, की त्या आधी दारातून आत येतात आणि मग तो येतो. आवाज असा, की कानात गुपित सांगितलं तरी पुढच्या गल्लीत ऐकू जावं. त्यानं निवेदन हातात घेऊन वजन केलं आणि म्हणाला, "कागद झ्याक हाय. पर सत्काराचं काय?"

"कसला सत्कार? आपण मागायला चाललोय."

"म्हणूनच! रिकाम्या हातानं कुणाच्या म्होरं उभं ऱ्हायचं व्हय रं? फेटा, शाल, नारळ, हार, ओवाळणं. मग इषय!"

"लाला, बाराच मिनिटं आहेत."

"फेटा मी तीन मिंटात बांधतो गड्या! न्हाई बांधला तर मिशी उतरवीन!"

मी हो म्हणालो. तुम्हीही म्हणाला असता! आपल्याकडं नवा ट्रान्सफॉर्मर आला तरी त्याला हार घालतात. माणसाला न घालता काम सांगायचं, हे आमच्या कुणाच्या हाडातच नाही.

ठरल्या दिवशी पहाटे निघालो. वडापची जीप, त्यात सात बायका, लालासाहेब, सम्मेद, मी आणि ड्रायव्हर. वडापच्या जीपमध्ये दहा-अकरा म्हणजे मोकळंच! वाटेत मी मनुबाईची तयारी करून घेतली. आधी ती बोलणार, अगदी एक मिनिट. मग मी निवेदन देणार.

"म्हणा वहिनी. साहेब..."

"सायेब, भिती उभ्या हायत्या, वर काय न्हाई. दोन वरसं झाली. माझ्या एकटीचं न्हाई, गावात अशी नऊ घरं हायत. मार्चात पैसं ठरवताना आमाला धरा."

माझ्या अकरा पानांत जे होतं, ते तिनं चार वाक्यांत म्हटलं होतं. मला खरं तर थोडा रागच आला! विट्यापर्यंत तिनं ते तीनदा म्हटलं, कराडपर्यंत आणखी चारदा. बाकीच्या बायका तिच्या हातावर हात ठेवून ऐकत होत्या.

उंब्रजला चहाला थांबलो. लालासाहेब उतरून हार आणि नारळ घेऊन आला, आणि नारळ पायाशी ठेवता ठेवता त्यानं विचारलं, "पर सायबाला ओवाळायचं कुणी?"

मी मागं पाहिलं. सात बायका. सातही विधवा.

आता एक गोष्ट मला सांगितलीच पाहिजे. आमच्या ग्रामपंचायतीनं दोन वर्षांपूर्वी विधवा प्रथा बंद केल्याचा ठराव केला आहे. कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, कुठल्याही कार्यात विधवेला मागं ठेवायचं नाही. तो ठराव काचेच्या फ्रेममध्ये पंचायतीत लावला आहे. आणि त्याचा मसुदा कुणी टाइप केला? मी!

"लाला," मी म्हणालो, "ओवाळतील की मनुबाई. आपला ठराव आहे."

"ठराव गावात!" लालासाहेब गरजला. चहावाल्याच्या हातातला कप हलला. "ह्यो सातारा हाय. सायबाला कसं वाटंल? शुभ काम हाय!"

त्याचा आवाज अर्थातच जीपमध्ये गेला. सातजणींनीही ऐकलं. मनुबाई खिडकीतून म्हणाली, "ऱ्हाऊ द्या भावजी. दुसरं कोन तरी बघा. आमी आपलं मागं थांबतो."

मी म्हणायला हवं होतं, की नाही वहिनी, तुम्हीच ओवाळायचं. त्या अर्थाचं वाक्यसुद्धा माझ्या ठरावात होतं. पण मला काय सुचलं सांगू? माझी बायको सुचली! अंजना त्याच दिवशी साताऱ्यात होती. तिच्या भाचीचं लग्न होतं आणि मी शिष्टमंडळाचं कारण सांगून ते टाळलं होतं. मी फोन लावला.

"अंजना, अर्ध्या तासासाठी रेस्ट हाऊसवर ये. ताट घेऊन."

"आवं, हितं अक्षता पडायच्यात अजून!"

"सरकारचं काम आहे!"

"मग दोघी भावजयास्नी बी आनते. एकटीला लाज वाटती."

आणि ती आली! रिक्षातून तिघी उतरल्या, आणि रेस्ट हाऊसचा शिपाई आपणहून उभा राहिला. तिघींच्या अंगावर पैठण्या. नाकात नथी. गळ्यात पुतळ्यांचा हार, मोहनमाळ, आणखी काय काय, माझ्या पेन्शनीत न बसणारं, म्हणजे बरंचसं तिच्या आईचं. केसात एवढे गजरे, की व्हरांड्यात मोगऱ्याचा वास सुटला. मी क्षणभर विसरलो, की आम्ही निधी मागायला आलो आहोत.

आमचं नाव पुकारलं. आत जाताना बाकीच्या सहाजणी व्हरांड्यातच थांबल्या आणि मनुबाई दाराजवळच्या खांबामागं सरकली. कुणी सांगितलं नव्हतं. मी तिच्याकडं पाहिलं आणि म्हणालो, "हां, तिथंच थांबा वहिनी, ओवाळणं झालं की बोलावतो."

हे वाक्य मी बोललो.

आत काय झालं ते ऐका. समितीचे अध्यक्ष, म्हणजे साहेब, हसतमुख गृहस्थ. लालासाहेबानं फेटा काढला. फेटा नऊ मीटर, आणि साहेबांचं डोकं गुळगुळीत! पहिला वेढा सरकला. दुसरा सरकला. तिसऱ्या वेढ्याला साहेबांचा फोन वाजला आणि त्यांनी मान वळवली, तो सगळा फेटा गळ्यात! लालासाहेबानं पुन्हा सुरुवात केली. मी घड्याळ बघत होतो. पाच मिनिटं गेली!

"लाला, पुरे कर!"

"तुरा ऱ्हायलाय गड्या! बिनतुऱ्याचा फेटा म्हंजी मुंडासं!"

मग शाल. मग हार. मग नारळ, तो कुणाच्या हातून द्यायचा यावर दोघी भावजयांचं खुसपुसणं. मग ओवाळणं. सम्मेद फोटो काढत होता. "काकू, डोळे मिटले तुमचे. पुन्हा एकदा!" पुन्हा एकदा ओवाळलं. साहेबांनी ताटात नोट टाकली, आणि त्यांना भरून आलं. ते बोलायला उभे राहिले!

"माझ्या या भगिनींच्या चेहऱ्यावरचं समाधान पाहून आमच्या कामाची पावती मिळाली. निराधार म्हणून आलेल्या या बहिणी आज किती आनंदात आहेत! आणखी काय हवं?"

"साहेब, आणखी हवं तेच या निवेदनात..." मी पुढं झालो.

"वेळ संपला," त्यांचे सहायक म्हणाले. "पुढचे, दूधवाले!" त्यांनी माझी अकरा पानं हातातून घेतली, टेबलावर ठेवली, त्यावर शाल ठेवली, शालीवर नारळ ठेवला. दार उघडलं. दूधवाले आत शिरले, आणि त्यांच्याही हातात फेटा होता!

त्या गर्दीत खांबामागून आवाज आला. "सायेब, भिती..."

एवढंच. मनुबाई दोन पावलं पुढं आली होती. दूधवाल्यांच्या हारानं ती पुन्हा मागं ढकलली गेली. साहेबांनी ऐकलं नाही. मी ऐकलं.

परतीच्या वाटेला लागलो. लालासाहेब तेवढा म्हणत होता, की तुरा कसा उभा राहिला बघितलंस का. मनुबाईनं मला फक्त विचारलं, "कागद वाचतील न्हवं भावजी?"

"वाचतील म्हणजे काय! माझा कागद आहे!"

दुसऱ्या दिवशी पेपर आला. चार रकाने फोटो! ठळक मथळा: 'निराधार भगिनींनी मानले सरकारचे आभार!' फोटोत फेट्यातले साहेब आणि समोर ताट घेतलेल्या, सोन्यानं मढलेल्या तिघी. खाली नावं: 'डावीकडून मनुबाई...' आणि पुढची दोन.

मी सम्मेदच्या दुकानात धावत गेलो. "अरे, ही अंजना आहे! माझी बायको आहे!"

"नावं मी टाकली नाहीत काका! मी फोटो आणि बातमी पाठवली. सोबत तुमच्या निवेदनातली यादी होती, फोटोत तिघीच, म्हणून पेपरवाल्यांनी पहिली तीन नावं टाकली. आणि आभाराचं म्हणाल, तर साहेबांपुढं मागणी केलेली मी तरी कुठं ऐकली?"

घरी आलो तर अंजना पेपर पुढ्यात घेऊन बसलेली. "आवं, मी निराधार? तुमी जित्तं असताना?" तेवढ्यात फोन वाजला. फोटोतली अंजना उंब्रजच्या तिच्या चुलत बहिणीनं बरोब्बर ओळखली होती. मीच उचलला. पलीकडं हुंदका. "कवा झालं गं? आमाला कळवलं बी न्हाई! नानासो लय भला मानूस व्हता!"

"अहो, मीच बोलतोय."

पलीकडं किंकाळी, आणि फोन बंद! दिवसभरात असे पाच फोन आले. माझ्याबद्दल इतकं चांगलं मी हयातीत कधी ऐकलं नव्हतं. हसू येत होतं, खोटं कशाला सांगू. आठ दिवस आम्ही गावभर हसत होतो.

नवव्या दिवशी हसू थांबलं. कुणीतरी तो फोटो तहसील कार्यालयात पाठवला होता. खाली लिहिलं होतं, 'पैठणी आणि पुतळ्यांचा हार घालणाऱ्या या बायका निराधारांचा पगार घेतात.' यादीतल्या ज्या तिघींची नावं छापली होती, त्यांना नोटीस निघाली आणि पगार थांबला. त्या नोटिशीची नक्कल पंचायत समितीत गेली आणि मनुबाईच्या घरकुलाच्या फायलीवर 'चौकशी प्रलंबित' असं लिहून आलं. आधी निधी नव्हता. आता निधी आला असता तरी मिळाला नसता!

मनुबाई ती नोटीस घेऊन माझ्याच ओट्यावर आली. दुसरीकडं कुठं जाणार? "भावजी, पुतळ्यांचा हार म्हंजी कसला वं? मी काय घातलं व्हतं?" तिनं गळ्याला हात लावून पाहिला. गळ्यात काळ्या दोऱ्यातला एक ताईत होता, बिराप्पाचा.

मी तहसीलला गेलो. तिथं पूजा मॅडम म्हणून नायब तहसीलदार आहेत, वयानं लहान, पण समजूतदार. मी म्हणालो, "मॅडम, फोटोतली पहिली बाई मनुबाई नाही. माझी बायको आहे. ती निराधार नाही."

"कशावरून?"

"मी आहे ना!"

"म्हणजे?"

"म्हणजे, मी जिवंत आहे."

"कागद?"

बावीस वर्षं मी दुसऱ्यांना हा शब्द ऐकवला. आज पहिल्यांदा कळलं तो कसा लागतो! मी हयातीचा दाखला आणला. लग्नाचा दाखला आणला. अंजनाचं प्रतिज्ञापत्र केलं, 'माझे पती हयात असून मी निराधार नाही.' ते लिहिताना ती म्हणाली, "तुमचं कागद चालवायचं याड एक दिस मला इधवा करनार, हे मला ठावं व्हतं!" दोघी भावजयांचे नवरे हयात असल्याचेही दाखले आणवले. त्यातला एक तर नाराजच झाला. म्हणाला, माझ्या जगण्याला आजवर कुणी पुरावा मागितला नव्हता!

या सगळ्यात मार्च आला आणि गेला. अर्थसंकल्प मांडला गेला. सम्मेदनं समितीचा अहवाल काढून आणला. जाडजूड होता. आमच्या तालुक्यावर एक ओळ होती. 'लाभार्थींमध्ये समाधान आढळले. त्यांनी आभार व्यक्त केले. मागणी प्राप्त नाही.' अकरा पानांचं काय झालं? शाल, नारळ आणि निवेदन असं ते गाठोडं कुठल्या गाडीत गेलं, कुणालाच ठाऊक नाही. ती ओळ मी मनुबाईला वाचून दाखवली नाही. कागद घडी करून खिशात ठेवला. माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदा कागद लपवला.

एप्रिलमध्ये मनुबाईला जबाबासाठी बोलावलं. मी बरोबर गेलो. ऊन मी म्हणत होतं. तिला दोन महिने पगार नव्हता, आणि हे तिनं मला सांगितलं नाही, तिच्या मनगटानं सांगितलं. बांगडी कोपरापर्यंत चढत होती.

पूजा मॅडम म्हणाल्या, "काका, सरळ रस्ता सांगते. यांनी लिहून द्यावं, की मी त्या शिष्टमंडळात नव्हते, साताऱ्याला गेले नव्हते, पेपरात माझं नाव चुकून आलं. मग पगार लगेच सुरू करता येईल. चौकशीचा शेराही निघेल."

"पण त्या गेल्या होत्या, मॅडम! त्याच तर क्रमांक एक!"

"गेल्या होत्या म्हणालात, तर मग फोटोत दुसऱ्या बायका कुठून आल्या, साहेबांपुढं खोट्या निराधार कुणी उभ्या केल्या, हे सगळं जिल्ह्याला जाईल. सहा महिने. तुमच्यावरही येईल."

"सम्मेदकडं सगळे फोटो आहेत. त्यात असतील त्या!"

त्यांनी फोटो मागवून घेतले. त्रेचाळीस होते. आम्ही तिघांनी टेबलावर वाकून एकेक पाहिला. साहेब, फेटा, लालासाहेबाच्या मिशा, अंजना, गजरे, नारळ. छत्तिसाव्या फोटोत दाराजवळ खांब होता आणि खांबामागून लुगड्याचा फिकट निळा काठ दिसत होता, चार बोटांएवढा.

"ही मी," मनुबाई म्हणाली. ती खूश झाली! "ही बगा, ही मीच!"

मॅडमनी बराच वेळ पाहिलं. "आजी, यात चेहरा नाही."

मनुबाईनं माझ्याकडं पाहिलं. तिथं बोलायची माझी पाळी होती. चेहरा का नाही, हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं. ती खांबामागं सरकली तेव्हा मी तिला हात धरून पुढं आणलं असतं, तर त्रेचाळीस फोटोंत तीच असती, ताट तिच्याच हातात असतं आणि मथळाही दुसरा झाला असता. मी हे बोललो नाही. पगार अडला असता, हे एक कारण. दुसरं कारण तुम्हाला कळलंच असेल.

"लिवा बाई," मनुबाई म्हणाली. "न्हवते म्हणून लिवा. पगार चालू झाला म्हंजी झालं."

मॅडमना टाइप करायला माणूस नव्हता. मीच बसलो. 'मी, मनुबाई, लिहून देते की, मी सातारा येथे गेले नव्हते. मी कोणत्याही समितीसमोर उपस्थित नव्हते. मी कोणतीही मागणी केलेली नाही.' स्पष्ट, मुद्देसूद, एकही चूक नाही. मनुबाईनं अंगठा उठवला. साक्षीदार म्हणून खाली मी सही केली. मॅडमनी वाचलं आणि म्हणाल्या, "वा काका, किती सुंदर मसुदा!"

बाहेर येऊन लिंबाखाली एस.टी.ची वाट बघत बसलो. मी तिला उसाचा रस घेऊन दिला. तिनं पेला दोन्ही हातांत धरला, अंगठ्याची शाई पेल्याला लागली. पगार पुढच्या महिन्यात सुरू होणार होता, ती जरा निवांत दिसत होती. अर्धा रस पिऊन ती थांबली.

"भावजी, एक इचारू?"

"विचारा की वहिनी."

"मी जर सातारला गेलेच न्हाई, तर मग स्लॅबचं त्यास्नी सांगितलं कुणी?"

मी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"कुणीच नाही, वहिनी," मी म्हणालो. "तसं आपण आत्ताच सही करून दिलं."